सोसायटीच्या दुरुस्तीचा राडारोडा: जबाबदारी कुणाची, कागद कोणते, माप ब्रासमध्ये की टनात?

सोसायटी_सचिव

नमस्कार मंडळी. महाराष्ट्रातल्या एका महापालिका हद्दीतली तळमजला अधिक चार मजल्यांची, २४ सदनिकांची जुनी इमारत आहे. पावसाळ्याआधी मोठी दुरुस्ती काढली आहे. गच्चीवरचा विटांचा कोबा पूर्ण उचलायचा (३,००० चौ. फूट, उताराप्रमाणे जाडी ३ ते ७ इंच), बाहेरचं प्लास्टर १०,००० चौ. फूट फोडून नवं करायचं आणि सहा घरांच्या बाथरूम खालच्या भरावासकट फोडायच्या.

कंत्राटदाराच्या कोटेशनमध्ये राडारोड्यासाठी एकच ओळ आहे: ‘डेब्रिज उचलून लांब टाकणे, २४ ब्रास, प्रत्यक्ष मापाप्रमाणे’ (ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर). कुठे टाकणार, हे तोंडी विचारलं तर ‘ते आमच्यावर सोडा’. समितीतल्या काहींचं म्हणणं, पैसे दिले की आपला संबंध संपला. माझे प्रश्न:

१. गाडी भलतीकडे रिकामी झाली तर सोसायटी अडकते का?
२. महापालिकेला आधी कळवावं लागतं का, की २०-२२ टनांचा नियम फक्त बिल्डरांना आहे?
३. २४ ब्रास हा आकडा बरोबर वाटतो का?
४. कुठले कागद मागायचे?

काटा_पावती

तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण आकडा हाताशी नसेल तर बाकीची उत्तरं हवेतच राहतात.

कोबा: ३,००० चौ. फूट म्हणजे २७९ चौ. मी. सरासरी जाडी ५ इंच धरा, १२५ मिमी. झाले जवळजवळ ३५ घनमीटर. जुन्या विटांच्या कोब्याचं वजन घनमीटरला १.८ टनाच्या आसपास असतं. म्हणजे ६३ टन.

प्लास्टर: १०,००० चौ. फूट म्हणजे ९२९ चौ. मी. दोन थरांचं मिळून २५ मिमी धरलं तर २३ घनमीटर, वजन ४६ टन.

बाथरूम: ५ बाय ७ फुटांची एक धरू. सात फुटांपर्यंतच्या भिंतीच्या टाइल्स आणि त्यामागचा मसाला साधारण ९०० किलो. खालचा फूटभर खोल भराव आणि फरशी १.७ टन. एकूण २.६ टन. सहाचे १६ टन.

बेरीज १२५ टन. आता गंमत बघा. घट्ट स्थितीतलं हे सगळं ६७ घनमीटर, म्हणजे २.८३ ने भागून २४ ब्रास. कंत्राटदाराचा आकडा चूक नाही, पण तो भिंतीवर आणि गच्चीवर असलेल्या मालाचा आहे. फोडला की माल फुगतो, साधारण दीडपट होतो. गाडीत भरला जाणार १०० घनमीटर, म्हणजे ३५-३६ ब्रास. ‘प्रत्यक्ष मापाप्रमाणे’ या दोन शब्दांचा अर्थ बिलाच्या वेळी गाडीतलं सैल माप असा लागेल आणि तुम्ही मंजूर केलेल्या रकमेवर दीडपट बिल येईल. भांडण तिथेच होतं, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात.

उपाय सोपा आहे. ब्रास खोडा, टन लिहा. माल फुगतो, वजन फुगत नाही. प्रक्रिया केंद्रावरही (जिथे राडारोडा फोडून पुन्हा वापरायची खडी करतात) पैसे टनावरच घेतात. एकच काळजी: ओला राडारोडा दहा-पंधरा टक्के जास्त भरतो, त्यामुळे ढिगावर ताडपत्री हवीच. धूळ बसवायला पाणी मारणं वेगळं, पाइप सोडून ढीग भिजवणं वेगळं.

गाड्यांचा हिशेबही घालून ठेवा. सहा चाकी डंपरात कायदेशीर १० टनांच्या आसपास बसतात, दहा चाकीत १६ ते १८. म्हणजे लहान गाडीने १२-१३ खेपा, मोठीने ८. कुणी ‘सहा गाड्यांत उरकतो’ म्हणाला तर एकतर ओव्हरलोड करणार आहे, नाहीतर उरलेला माल शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर रात्री सरकणार आहे.

नियमावली

पहिला प्रश्न. हो, सोसायटी अडकते. २०१६ च्या बांधकाम व पाडकाम कचरा व्यवस्थापन नियमांत (अधिसूचना २९ मार्च २०१६) गोळा करणं, वेगळं करणं आणि साठवणं ही प्रथमदर्शनी जबाबदारी कचरा निर्माण करणाऱ्याची होती. तिथे ‘बिल्डर’ असा शब्द नव्हता. नवं बांधकाम, फेरबदल, दुरुस्ती, पाडकाम, सगळं धरलं होतं. व्यक्ती असो की संस्था. कंत्राटदार हा तुमचा माणूस, त्याच्याशी तुमचा करार असेल तर दंडाचे पैसे त्याच्याकडून वसूल करा, पण नोटीस इमारतीच्या नावावर येऊ शकते.

१ एप्रिल २०२६ पासून त्यांच्या जागी २०२५ चे नवे नियम लागू झाले आहेत. त्यांचा मोठा भाग २०,००० चौ. मी. आणि त्यापुढच्या बांधकाम क्षेत्राच्या प्रकल्पांसाठी आहे: केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी, विस्तारित उत्पादक जबाबदारी (कचऱ्याच्या प्रक्रियेची जबाबदारी प्रकल्प करणाऱ्यावरच), प्रक्रियेची टप्प्याटप्प्याची उद्दिष्टं. २४ घरांची सोसायटी त्या चौकटीत येत नाही. पण माल वेगळा ठेवायचा, रस्त्यावर किंवा गटारात टाकायचा नाही आणि अधिकृत ठिकाणीच द्यायचा, हे तत्त्व तुम्हाला सुटलेलं नाही.

दुसरा प्रश्न. तुम्ही ऐकलेला आकडा २०१६ च्या नियमांतला आहे: एका दिवसात २० टन किंवा एका प्रकल्पात महिन्याला ३०० टन. त्या मर्यादेला पोहोचणाऱ्याने काम सुरू होण्याआधी कचरा व्यवस्थापन आराखडा देऊन मंजुरी घ्यायची, माल चार प्रवाहांत वेगळा करायचा (काँक्रीट; माती; पोलाद, लाकूड व प्लास्टिक; विटा आणि मसाला) आणि वाहतुकीशिवाय प्रक्रियेचेही पैसे भरायचे, असं तिथे होतं. ते नियम आता गेले, पण वॉर्डात आराखड्याचा जो नमुना मिळतो तो अजून याच चौकटीवर बेतलेला असू शकतो, तेव्हा तयारी याच आकड्यांवर करा.

वर दिलेल्या हिशेबाप्रमाणे तुमचे एकूण १२५ टन आहेत, म्हणजे ३०० चा प्रश्न नाही. २० चा मात्र आहे. ६३ टनांचा कोबा तीन दिवसांत उतरवला तर रोजचे २१ टन होतात. दुरुस्तीवाल्या सोसायट्या इथेच नकळत रेषा ओलांडतात. ‘आम्ही काही पाडत नाही आहोत’ या समजुतीत गच्ची विसरली जाते.

दंडाबद्दल थोडक्यात: पर्यावरण (संरक्षण) कायद्याच्या कलम १५ मधली कैदेची तरतूद जन विश्वास कायदा २०२३ ने काढली आणि १ एप्रिल २०२४ पासून १० हजार ते १५ लाख रुपये दंड ठेवला. महापालिकेच्या उपविधींमधला जागच्या जागी होणारा दंड आणि गाडी जप्ती याहून वेगळी.

सोसायटी_सचिव

दोघांचेही आभार. मग कोबा पाच दिवसांत उतरवला, रोज १२-१३ टन, तर आराखडा लागत नाही ना? की ही पळवाट समजतील?

आणखी एक. कंत्राटदार आज म्हणाला की शहराबाहेर एका शेतमालकाला भराव हवाच आहे, तो संमतीपत्र देईल, प्रक्रिया केंद्राचे पैसे वाचतील. हे चालतं का?

जुना_ठेकेदार

पाच दिवस करणं ही पळवाट नाही, कामाचीच गरज आहे. एका दिवसात २१ टन कोबा फोडून, पाच मजले खाली उतरवून, गाडीत भरणं सोपं नसतं. १२-१३ टन हा चार ब्रेकर आणि दहा-बारा मजुरांचा नीट दिवस आहे. पण मी तुमच्या जागी असतो तर आराखडा लागतो की नाही यावर डोकं न चालवता एक पानाचं पत्र देऊन टाकलं असतं. कामाचं स्वरूप, तारखा, प्रवाहाप्रमाणे टन, माल कुठे जाणार, गाड्यांचे नंबर. घनकचरा विभागाकडे आवक शिक्का मारून प्रत ठेवा. उद्या शेजाऱ्याने तक्रार केली तर हा शिक्का दहा फोनपेक्षा कामी येतो.

आता ठेकेदाराची बाजूही मांडतो, कारण इथे त्याला चोर ठरवायची घाई दिसते. प्रक्रिया केंद्र शहराच्या एका टोकाला असतं. पुण्याचं वाघोलीला, पिंपरी-चिंचवडचं मोशीला, मुंबईची दोन दहिसर आणि शीळफाट्याजवळ डायघरला. दिवसा अवजड गाड्यांना बंदीच्या वेळा असतात. दिवसात दोन, फार तर तीन खेपा होतात. गाडीचा दर खेपेवर ठरतो आणि सोसायटी सगळ्यात कमी दराचं कोटेशन मंजूर करते. मग ‘लांब टाकणे’ या दरात केंद्रापर्यंतचं डिझेल आणि टनामागचं शुल्क बसतच नाही. दर मागतानाच तीन भाग वेगळे मागा: उतरवणं आणि भरणं, वाहतूक, केंद्राचं शुल्क. शुल्क पावतीप्रमाणे जसंच्या तसं द्या, त्यावर नफा नको आणि तोटाही नको. मग ठेकेदाराला गाडी भलतीकडे नेण्यात फायदा उरत नाही.

दुसरी अडचण, केंद्रावरून गाडी परत येणे. बहुतेक वेळा कारण एकच, भेसळ. या चार गोष्टी राडारोड्यात गेल्या की घोटाळा:

– पीओपी आणि जिप्समचं सिलिंग. सल्फेट असतं. बारीक चुऱ्यात मिसळलं की त्यापासून केलेल्या ब्लॉकचं सेटिंग बिघडतं, नंतर ओल लागून फुगून तडे जातात. धुऊनही पूर्ण निघत नाही.
– गच्चीवरचा डांबरी कागद, मेंब्रेन. क्रशरच्या जबड्यात चिकटतो, चाळणी बुजते.
– लाकूड, थर्माकोल, चिंध्या, रिकाम्या रंगाच्या बादल्या.
– मजुरांच्या जेवणाचा कचरा. हा सगळ्यात जास्त असतो आणि सगळ्यात सहज टाळता येतो. ढिगाजवळ दोन ड्रम ठेवा, ओला आणि सुका.

टाइल्स, मोझॅकचे तुकडे, गच्चीवरचा चायना मोझॅक चालतो. चिनी मातीचे कमोड-बेसिन बरीच केंद्रं घेतात, पण नळाचे पितळी तुकडे आणि प्लास्टिकचे पाइप आधी काढा.

काटा_पावती

वरच्याला पुरवणी. काँक्रीट आणि विटा वेगळ्या ठेवायला का सांगतात, याचं उत्तर भारतीय मानक ३८३ (काँक्रीटच्या खडी-वाळूचं मानक) च्या २०१६ च्या आवृत्तीत आहे. निव्वळ काँक्रीट फोडून केलेली खडी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत आणि सळईच्या काँक्रीटमध्ये, तेही फक्त एम-२५ पर्यंत (एम हा काँक्रीटच्या ताकदीचा दर्जा), २० टक्क्यांपर्यंत चालते. विटा मिसळलेल्या मालाची खडी मात्र एम-१५ च्या खालच्या, कमी सिमेंटच्या काँक्रीटपुरतीच. तुमच्याकडे निव्वळ काँक्रीट थोडंच निघेल, छज्जे आणि गळकी टोकं फोडाल तेवढंच. ते वेगळ्या कोपऱ्यात ठेवा. सळई काढून भंगारात जाईल. ती कुणाची, हेही करारात लिहा. सळई ठेकेदाराला हवी असेल तर वाहतुकीच्या दरात वजावट करून घ्या.

नियमावली

शेतमालकाचं संमतीपत्र. यावर जरा थांबू, कारण हे संमतीपत्र दाखवून पुष्कळ सोसायट्यांना शांत केलं जातं.

पार्श्वभूमी अशी. मुंबईतल्या कचरा डेपोंच्या दुरवस्थेवरून मुंबई उच्च न्यायालयाने २९ फेब्रुवारी २०१६ रोजी नव्या इमारतींच्या परवानग्या थांबवल्या. १५ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी सहा महिन्यांपुरती शिथिल केली, पण राडारोडा सुरक्षित ठिकाणी टाकण्याची आणि त्यासाठी बँक हमी देण्याची अट घातली. भराव घेणाऱ्या जागामालकाची लेखी संमती जोडायची पद्धत तिथून रुळली. पण ती परवानगीच्या फाइलमधली एक अट होती. जागेला संमती आहे म्हणून माल टाकायला मोकळीक मिळते, असं नाही.

संमतीपत्र हाती आलं तर एवढं पाहा. जागेचा सातबारा संमती देणाऱ्याच्याच नावावर आहे का, आणि इतर हक्कात काय लिहिलंय. जागा ओढ्याच्या, नाल्याच्या किंवा नदीच्या पूररेषेत आहे का. खाडीलगत असेल तर किनारा नियमन क्षेत्र आणि कांदळवन. उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात कांदळवनांचा नाश हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग ठरवला. तिथे आणि भोवतालच्या ५० मीटरच्या पट्ट्यात राडारोडा टाकणं चालत नाही, जमीन खाजगी असली तरी. शेतजमीन बुजवून बिगरशेती वापराची तयारी चालली असेल तर तो महसूल खात्याचा वेगळा विषय. सगळ्यात महत्त्वाचं, त्या जागेला महापालिकेने राडारोडा टाकण्यासाठी मान्यता दिली आहे का. नसेल तर संमतीपत्र फाइलीला लावूच नका. ते तुमच्या बाजूचा नाही, तुमच्याविरुद्धचा पुरावा होतं. तुम्हाला जागा माहीत होती, हे त्यावरूनच सिद्ध होतं.

काटा_पावती

चौथा प्रश्न राहिला होता, कागद.

प्रत्येक खेपेला तीन प्रतींचं चलन. एक सोसायटीच्या वॉचमनकडे गाडी निघताना, एक चालकाकडे, एक केंद्राकडून शिक्का होऊन परत. त्यावर तारीख, निघाल्याची वेळ, गाडी नंबर, मालाचा प्रकार. केंद्रावरची काटा पावती भरलेल्या आणि रिकाम्या, दोन्ही वजनांची हवी. सोबत गेटवरून बाहेर पडणाऱ्या गाडीचा, नंबरप्लेट आणि ताडपत्री दिसेल असा फोटो. वही एकच, खेपांना अनुक्रमांक.

गोलमाल कुठे होतो? रस्त्यावरच्या खाजगी वजनकाट्याची पावती जोडतात. ती फक्त एवढंच सांगते की गाडी कुठेतरी वजन झाली. माल कुठे पडला ते नाही. पावती केंद्राचीच हवी. रिकाम्या गाडीचं वजन दर खेपेला एकदम सारखं, किलोसकट, असेल तर ते प्रत्यक्ष न करता जुनं लिहिलेलं असतं. चालक, डिझेल, चिखल यामुळे २०-५० किलो इकडेतिकडे व्हायलाच हवं. एकाच पावतीच्या झेरॉक्सवर तारीख बदललेली असते, म्हणून अनुक्रमांक तपासा. आणि वेळ: साडेनऊला गेटवरून निघालेली गाडी तीस किलोमीटरवरच्या केंद्रावर पावणेदहाला पोहोचत नाही.

शेवटी जुळणी. अंदाज १२५ टन, पावत्या ११० ते १४० च्या दरम्यान असतील तर ठीक. ८० टनांच्याच पावत्या आल्या तर ४५ टन कुठे गेले, हा प्रश्न शेवटचा हप्ता देण्याआधी विचारा. करारातलं वाक्य असं काहीतरी:

‘राडारोड्याचे देयक अधिकृत प्रक्रिया केंद्राच्या मूळ काटा पावत्यांवर, टनाप्रमाणे दिले जाईल. पावतीविना खेप देय नाही. इतरत्र टाकल्यास होणारा दंड, माल उचलण्याचा व जागा पूर्ववत करण्याचा खर्च कंत्राटदाराच्या अनामत रकमेतून वळता होईल.’

एवढं पुरे. याहून लांब कलमं कुणी वाचत नाही.

स्लॅब_बीम

राडारोड्याच्या नियमांत न बसणारी, पण त्याआधीची गोष्ट सांगतो. गच्चीवर ढीग करू नका.

माणसांची ये-जा असलेल्या गच्चीच्या स्लॅबला संकल्पनात चौरस मीटरला १५० किलो चल भार (माणसं-सामानाचा) धरतात. ५ इंच कोब्याचं वजनच २२५ किलो, ते वेगळं धरलेलं असतं. सैल राडारोडा घनमीटरला सव्वा टन. कंबरेएवढा ढीग म्हणजे चौरस मीटरला १,२५० किलो. जुन्या, सळई गंजलेल्या स्लॅबच्या मध्यावर असा ढीग रात्रभर राहिला तर खालच्या घरात सिलिंगला तडा दिसेल आणि सगळे वॉटरप्रूफिंगवाल्याला दोष देतील. कोबा काढलेल्या पट्ट्यावर ढिगाची उंची एक फुटाच्या आत ठेवा, बीमच्या रेषेवर, कॉलमजवळ, आणि त्याच दिवशी उतरवा. पाऊस पडला तर तोच ढीग आणखी जड.

खाली फेकणं तर नाहीच. ड्रम जोडून केलेली घसरण किंवा होइस्ट. घसरणीच्या तोंडाला गोणपाट बांधा आणि पाण्याची फवारणी ठेवा. जानेवारी २०१८ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेप्रमाणे, हवेतली धूळ मर्यादेबाहेर असलेल्या शहरांत बांधकामाच्या जागी राडारोडा उघडा ठेवता येत नाही, इमारतीच्या उंचीच्या एक तृतीयांश (कमाल १० मीटर) उंचीचा, वारा अडवणारा आडोसा लागतो आणि उघड्यावर फरशा-दगड कापणं-घासणं चालत नाही. आणखी एक: जिन्यावर, पाण्याच्या टाकीवर किंवा शेडवर सिमेंटचे जुने पत्रे असतील तर त्यांत ॲस्बेस्टॉस धरूनच चाला. ते फोडून राडारोड्यात टाकायचे नाहीत. ओले करा, स्क्रू काढून अख्खे उतरवा, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळा. ते सामायिक घातक कचरा केंद्राकडे द्यायचे. राज्यात अशी केंद्रं तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरीला आहेत.

सोसायटी_सचिव

पत्रे आहेत, टाकीवर आठ. बरं झालं विचारलं.

दोन गोष्टी उरल्या. कंपाउंडच्या मागच्या बाजूला १,००० चौ. फुटांचा सखल भाग आहे, पावसात तळं होतं. तिथे हाच राडारोडा भरून वर पेव्हर ब्लॉक बसवले तर? आणि जमिनीखालची पाण्याची नवी टाकी खोदणार आहोत, साधारण १० ब्रास माती निघेल. ती राडारोड्यातच धरायची का?

जुना_ठेकेदार

भरता येईल, पण जसाच्या तसा नाही. सरासरी सहा इंच भराव धरला तर ५०० घनफूट, दाबलेल्या स्थितीत ५ ब्रास, जवळपास २५ टन. म्हणजे एकूण मालाचा पाचवा हिस्सा गेटबाहेर जायचा वाचतो, दोन मोठ्या खेपा कमी.

यासाठी फक्त कोब्याचा आणि विटांचा माल घ्या. प्लास्टरचा भुगा नको, तो पाण्याने लगदा होतो. दीड इंचाहून मोठे तुकडे फोडून घ्या; मोठ्या ढेपांमध्ये पोकळी राहते आणि दोन पावसांनी पेव्हर बसतात. आधी तळाची काळी माती आणि गवत काढा, उताराची दिशा पक्की करा. सहा इंचाचे एकदम न टाकता तीन-तीन इंचाचे दोन थर, प्रत्येकावर पाणी मारून प्लेट कॉम्पॅक्टर. वर कच किंवा वाळूचे दोन इंच, मग ब्लॉक. माणसांपुरते ६० मिमी, गाड्या जाणार असतील तर ८० मिमी.

चुका कशा होतात? कंपाउंडची पातळी जोत्यापर्यंत चढवली जाते आणि तळमजल्याच्या भिंती ओल धरतात. जोत्याखाली किमान अर्धा फूट राहू द्या. पावसाळी गटाराचं चेंबर बुजू नये. झाडांच्या बुंध्याभोवती मीटरभर मोकळं. लाकडाचा तुकडाही नको, वाळवी तिथूनच चढते. तळं होण्याचं कारण पाणी बाहेर जायला वाटच नाही, हे असेल तर भरावाने तळं शेजारच्या विंगच्या दारात सरकेल, एवढंच.

नियमावली

माती वेगळी. राडारोड्यात मिसळू नका, दोन कारणांनी. एक, प्रवाह म्हणूनच ती वेगळी आहे आणि मातीने भरलेली गाडी केंद्रावर खडीसाठी निरुपयोगी. दोन, खोदलेली माती महाराष्ट्रात गौण खनिज ठरते. पुण्याच्या बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेने केलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये स्पष्ट केलं की पायासाठी खोदलेली माती त्याच जागेत भरावाला किंवा सपाटीकरणाला वापरली तर केवळ खोदली म्हणून स्वामित्वधन (रॉयल्टी) लागत नाही. बाहेर नेली की चित्र बदलतं: तहसील कार्यालयाची परवानगी, स्वामित्वधन आणि महाखनिज प्रणालीवरचा वाहतूक परवाना. परवान्याविना मातीची गाडी पकडली गेली तर दंड महसूल खात्याचा, महापालिकेची पावती तिथे कामाची नाही.

तेव्हा १० ब्रास मातीपैकी जितकी टाकीच्या कडांना परत भरता येईल तितकी भरा, चांगली वरची माती बागेच्या वाफ्यांना घ्या. उरलेल्यासाठी आधी तहसीलला अर्ज, मग जेसीबी.

काटा_पावती

सहा बाथरूमबद्दल कुणी बोललं नाही. ही घरमालकांची खाजगी कामं असतील तर त्यांचे ठेकेदार वेगळे असतील आणि १६ टन गोण्यांमधून जिन्याने उतरतील. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत ३५ ते ४० किलो भरतात. एका बाथरूमच्या ६५ ते ७५ गोण्या. छोटा हत्ती टेम्पोची क्षमता पाऊण टनाची, म्हणजे २० गोण्या. भरतात पन्नास. घंटागाडीवाला गोणी नाकारतो ते बरोबरच आहे. घनकचरा नियमांतही बांधकामाचा कचरा स्वतःच्या आवारात वेगळा ठेवायचा आणि वेगळ्या वाटेने द्यायचा असं आहे.

सर्वसाधारण सभेत एक ठराव करा. फोडाफोडीच्या परवानगीसोबत परत मिळणारी अनामत, गोण्या ठेवायची एकच जागा (गटाराच्या झाकणावर नाही, मीटर पेटीसमोर नाही), पीओपीच्या गोण्यांना वेगळ्या रंगाची दोरी, आणि उचल सोसायटीच्याच गाडीने, खर्च घरमालकाकडून टनाप्रमाणे. मुंबईत असाल तर महापालिकेची ‘डेब्रिज ऑन कॉल’ सेवा अशा थोड्या मालासाठीच आहे. इतर शहरांत क्षेत्रीय कार्यालयात संकलन केंद्र विचारा. सहाही घरांची फोडाफोडी एकाच आठवड्यात आली तर ती कोब्याच्या दिवसांना टाळून लावा, नाहीतर ज्या दिवशी गच्चीचे १३ टन उतरतील त्याच दिवशी खालून आठ टन येतील आणि पुन्हा २० च्या वर जाल.

सोसायटी_सचिव

वेळापत्रक तसंच लावतो: आधी बाथरूम, मग कोबा पाच दिवस, शेवटी प्लास्टर. प्लास्टरचे ४६ टन किती दिवसांत धरायचे?

जुना_ठेकेदार

पहाड (परांची) बांधून एका वेळी एकच बाजू घेतली तर बाजूला तीन-चार दिवस, म्हणजे चार बाजूंना साधारण दोन आठवडे. रोजचे तीन ते साडेतीन टन. तिथे मर्यादेची चिंता नाही, पण रोज गाडी परवडत नाही. तीन दिवसांचा माल साठवून एक सहा चाकी गाडी बोलवा आणि ढिगाला जागा आत्ताच नेमून द्या: साधारण १५ बाय १२ फूट, उंची दीड-दोन फूट, तीन बाजूंना विटांचे दोन थर. नाहीतर तिसऱ्या दिवशी तो रस्त्यावर आलेला असेल.